ग्रीक पुराणांचे तात्पर्यकार

अथेन्स नगराच्या तटाबाहेर इलिसस नावाचा एक लहानसा प्रवाह वाहत असे. उन्हाळ्यातल्या एका दुपारी सॉक्रेटीस आणि त्याचा तरुण स्नेही फीड्रस असे दोघेजण त्या प्रवाहातून अनवाणी चालत एका विस्तीर्ण चिनाराच्या सावलीकडे निघाले असता फीड्रसने सहज विचारले की, उत्तरेचा वारा जो बोरिअस, त्याने राजकन्या ओरिथिया हिला पळवून नेले ते स्थळ हेच काय? ते स्थळ थोडे खालच्या अंगाला आहे, तिथे बोरिअसची एक वेदीही आहे, असे सॉक्रेटीसने सांगितले. आणि या कथेवर तुझा विश्वास आहे का, असे फीड्रसने पुढे विचारताच त्या वृद्धाने जे उत्तर दिले ते प्लेटोने आपल्या ‘फीड्रस’ या संवादात नमूद करून ठेवले आहे. उत्तराचा आशय असा की, मुलगी खडकांवर खेळत असता वाऱ्याच्या झोताने खाली पडून मेली आणि वाऱ्याने तिला नेले अशी वदंता झाली, असा विद्वानाला शोभेल असा खुलासा मलाही करता येईल. परंतु एकदा का हा उद्योग पत्करला की पाठोपाठ नराश्व सेंटॉर येतात, मग सिंह-बकरा-सर्प अशा तीन अंगांची किमीरा येते, गॉर्गन येतात, पंखांचे घोडे येतात, आणि त्या सगळ्यांची एकेक करून समजूत घालीत बसायला जी फुरसत लागते ती माझ्यापाशी नाही. स्वतःला ओळख ही डेल्फीची आज्ञा मला अद्याप पाळता आलेली नाही. मी कोण, टायफॉनपेक्षाही गुंतागुंतीचा आणि उन्मत्त असा एखादा पशू, की कोणी सौम्य, साधा प्राणी, हेच मला आधी पाहायचे आहे.

सॉक्रेटीसला जी फुरसत नव्हती ती त्याच्या आधी अनेकांना होती आणि त्याच्यामागून दोन हजारांवर वर्षे ती कोणाला ना कोणाला मिळतच गेली. ग्रीक पुराणांतील राक्षस, अप्सरा, शापित राजपुत्र आणि बहुमुखी सर्प यांच्यापासून मनुष्याने काय शिकावे, हे सांगणाऱ्यांचा एक स्वतंत्र पेशाच पाश्चात्त्य जगात होऊन गेला. त्या पेशाचा इतिहास चाळला म्हणजे, ज्या बोधवचनांना आपण त्या कथांच्या गाभ्यातले सत्य समजतो त्यांपैकी बहुतेक मूळ कवींची नसून मागाहून आलेल्या भाष्यकारांची, आणि तीही त्यांच्या त्यांच्या गरजेनुसार घडवलेली आहेत, असे आढळून येते.

या पेशाचा जन्म झाला तो एका फिर्यादीतून. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात कोलोफॉनचा झेनोफानीस याने होमर आणि हेसिअड या दोन महाकवींवर उघड आरोप ठेवला की, चोरी, व्यभिचार, परस्परवंचना ही माणसांत निंद्य ठरलेली सारी कृत्ये यांनी देवांच्या माथी मारली. आरोप खोटा नव्हता. शिवाय प्रकरण केवळ वाङ्मयीनही नव्हते, कारण ग्रीक मुलगा अक्षरओळख झाल्याबरोबर होमरवर सोपवला जात असे, आणि झेनोफोनच्या ‘सिम्पोजियम’मध्ये निसेरॅटस नावाचा एक गृहस्थ सांगतो की, मी सज्जन व्हावे म्हणून वडिलांनी माझ्याकडून होमर सगळा पाठ करवून घेतला. ज्या ग्रंथावर सज्जनपणा उभा करायचा त्या ग्रंथातच देव एकमेकांना फसवीत असतील तर त्याची कैफियत कोणीतरी मांडणे भाग होते. ती पहिल्याने मांडली रेजियमच्या थेआजेनीसने, ख्रिस्तपूर्व 525 च्या सुमारास. योगायोग असा की हे रेजियम इटलीच्या दक्षिण टोकाला, ज्या सामुद्रधुनीत स्किला आणि करिब्डिस यांची घरे पुढे लोकांनी दाखवली, तिच्या काठीच वसलेले आहे. देवांची युद्धे म्हणजे उष्ण-शीत, आर्द्र-शुष्क अशा महाभूतांचे द्वंद्व होय, आणि अथेना म्हणजे विवेक, एरीस म्हणजे अविवेक, अॅफ्रोडाइटी म्हणजे वासना, असा त्याचा बचाव होता.

बचाव चांगला होता, परंतु वकिलांच्या हाती एखादी युक्ती लागली म्हणजे तिचे जे होते तेच इथेही झाले. लँप्सॅकसच्या मेट्रोडोरसने ‘इलियड’मधील अगॅमेम्नॉनला आकाशतत्त्व, अकिलिसला सूर्य, हेलनला पृथ्वी आणि हेक्टरला चंद्र ठरवले, एवढ्याने तृप्ती न होऊन त्याने देवांची मानवी देहात नेमणूक केली आणि डिमीटरला यकृत, डायोनायससला प्लीहा व अपोलोला पित्त बहाल केले. होमरची अब्रू वाचली खरी, पण ‘इलियड’चे शारीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात रूपांतर झाल्यावर त्या अब्रूचे कोणाला काय करायचे होते, हा प्रश्न उरतोच. प्लेटोला हा मार्ग मान्य नव्हता. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने साफ सांगितले की कथेत गूढार्थ असो वा नसो, बालकाला गूढार्थ आणि वाच्यार्थ यांतला भेद कळत नाही आणि त्या वयात मनावर उमटलेले पुसले जात नाही, सबब असल्या कथांना नगरात मज्जाव असावा. मौज अशी की, त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात मनुष्याच्या अंतरंगाचे चित्र काढण्याची वेळ आली तेव्हा त्याला किमीरा, स्किला आणि सर्बेरस यांचीच आठवण झाली, आणि अनेक मुखांचा एक पशू, एक सिंह व एक लहानसा माणूस हे तिघे एका कातड्यात कोंबून त्याने आपला जीवात्मा सिद्ध केला. हद्दपारीचा हुकूम ज्यांच्यावर काढला त्यांनाच साक्षीला बोलवावे लागले.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस पालिफाटस नावाचा एक लेखक अवतरला आणि त्याने ‘अविश्वसनीय गोष्टींविषयी’ या आपल्या छोटेखानी पुस्तकात निराळाच पंथ काढला. त्याचे म्हणणे असे की, जे आज नाही ते पूर्वीही नव्हते. म्हणून प्रत्येक राक्षसाच्या मागे एखादी साधी, घरगुती घटना असलीच पाहिजे. थेसलीत मोकाट झालेले बैल मारण्यासाठी काही तरुण प्रथमच घोड्यावर स्वार झाले आणि त्यांना पाठमोरे पाहणाऱ्यांना घोड्याचे अंग आणि त्यावर माणसाचे धड तेवढे दिसले, हे त्याचे सेंटॉर. लिशिया प्रांतात एका डोंगरातून आग निघते आणि त्याच्या पुढच्या अंगाला सिंह व मागच्या अंगाला सर्प राहत, ही त्याची किमीरा. आग निघते हे मात्र शब्दशः खरे आहे: तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्राचीन ऑलिम्पॉसच्या भग्नावशेषांजवळच्या उतारावर, खडकांच्या भेगांतून निघणारा नैसर्गिक वायू आजही रात्रंदिवस जळत असतो. पालिफाटसचे बहुतेक खुलासे वाचताना मूळ कथा परवडली असे वाटते. त्यात काव्य नाही आणि तर्कही जेमतेमच. पण एका ठिकाणी हा रुक्ष मनुष्य अकस्मात मर्मावर बोट ठेवतो, आणि ते ठिकाण म्हणजे अॅक्टिऑनची कथा.

अॅक्टिऑन हा शिकारी. अरण्यात भटकत असता त्याने स्नान करणाऱ्या आर्टेमिस देवीला पाहिले, देवीने त्याला हरिण केले, आणि त्याच्याच पन्नास कुत्र्यांनी आपल्या धन्याला फाडून खाल्ले. पालिफाटस म्हणतो, यातले काहीच घडले नाही. अॅक्टिऑनला शिकारीचा षोक होता, कुत्र्यांच्या पायी त्याने शेतीवाडीकडे दुर्लक्ष केले, होते नव्हते ते गमावले, आणि त्याचीच कुत्री त्याला खाऊन बसली असे लोक म्हणू लागले. ज्या देशात वतने आणि जहागिऱ्या नाचगाण्यापायी व घोड्यांपायी सावकाराच्या घरात गेलेल्या पाहिल्या आहेत त्या देशाला हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

पुढे हीच कथा कोणाकोणाच्या हातून गेली हे पाहण्यासारखे आहे. ऑविडने ती आपल्या ‘मेटामॉर्फोसेस’मध्ये सांगितली तेव्हा आरंभीच स्पष्ट केले की, नीट पाहिले तर या तरुणाच्या हातून अपराध झाला नाही, दोष दैवाचा, अरण्यात वाट चुकणे हा गुन्हा कसा होईल? ख्रिस्तोत्तर 8 या वर्षी सम्राट ऑगस्टसने खुद्द ऑविडलाच काळ्या समुद्राच्या काठच्या टोमिस या थंडगार ठाण्यावर हद्दपार केले, आणि तेथून त्याने बादशहाला पद्यमय अर्ज लिहिला त्यात हाच अॅक्टिऑन पुन्हा पुढे केला: मीही नकळतच काहीतरी पाहिले, माझ्या डोळ्यांना अपराधी का केले? काय पाहिले ते मात्र त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. अर्ज नामंजूर झाला आणि कवी तिकडेच वारला. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी एका अज्ञात फ्रेंच पंडिताने ऑविडचे ते काव्य सुमारे 72,000 ओळींत फ्रेंचमध्ये उतरवून त्याच्या प्रत्येक कथेला ख्रिस्ती अर्थ जोडला. त्याच्या दप्तरी अॅक्टिऑनची नोंद स्वजनांनीच ज्याचा वध केला तो ईश्वराचा पुत्र अशी झाली. 1531 मध्ये आउग्सबुर्ग येथे आंद्रेआ आल्चातो या कायदेपंडिताचे बोधचित्रांचे पुस्तक छापले गेले, त्यात अॅक्टिऑन हा मारेकऱ्यांना आश्रय देणाऱ्याचा नमुना आहे, कारण पाळलेले गुंड एके दिवशी धन्यावरच उलटतात. आणि 1609 मध्ये लंडनला फ्रान्सिस बेकनने ‘प्राचीनांचे शहाणपण’ या आपल्या लॅटिन ग्रंथात अशा 31 कथांची उकल केली तेव्हा अॅक्टिऑन हा राजाचे गुपित नकळत जाणून बसलेला दरबारी झाला: राजाची इतराजी झाल्याचे कळताच त्याचे स्वतःचेच नोकर त्याच्यावर धावून जातात. कर्जबाजारी जमीनदार, दैवाचा मारलेला निरपराध, परमेश्वर, गुंडांचा पोशिंदा आणि भेदरलेला दरबारी, हे सारे एका हरणात मावले. बेकनची गोष्ट तर विशेषच. तो पुढे इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि 1621 मध्ये लाच घेतल्याचा कबुलीजबाब देऊन पदच्युत झाला. दरबारात कुत्री कशी उलटतात हे त्याने लिहून ठेवले होते, वाचले मात्र इतरांनी.

हायड्राच्या बाबतीत तात्पर्यकारांपेक्षा एका प्रवाशाचा मला अधिक आदर वाटतो. आर्गॉसच्या दक्षिणेस समुद्रालगत लर्ना नावाची पाणथळ जागा होती. तेथील सर्पिणीचे एक मस्तक छाटले की त्या जागी दोन फुटत, म्हणून हेराक्लीसचा पुतण्या आयोलेअस याने पलित्याने प्रत्येक जखम डागली, तेव्हा कुठे ती मेली. तिला कोणी दलदलीचे पाणी म्हटले, कोणी पन्नास धनुर्धरांचा किल्ला म्हटले, कोणी दुर्गुण म्हटले. ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकात पॉसानियस तेथे गेला. झरा कुठे आहे, त्यावर कोणता वृक्ष आहे, जवळच्या अल्सिओनियन सरोवराची खोली काढण्यासाठी नीरो बादशहाने कित्येक स्टेडियम लांबीचे शिसे बांधलेले दोर सोडूनही तळ कसा लागला नाही, हे सगळे त्याने टिपून घेतले. आणि सर्पिणीविषयी एवढेच लिहिले की ती इतर पाणसापांहून मोठी व अतिविषारी असावी, पण मस्तक तिला एकच असावे. अनेक मस्तके कामिरसच्या पिसँडर या कवीने काव्याला वजन यावे म्हणून दिली. बोध वगैरे काही नाही. या कथेतला जो भाग मला खरोखर मानवी वाटतो तो तर कोणत्याच नीतिकाराने फारसा उचललेला नाही: हेराक्लीसला दहा कामे नेमून देणारा राजा युरिस्थिअस याने ही कामगिरी हिशेबात धरण्याचे साफ नाकारले. कारण, पुतण्याची मदत घेतली. ऑजियसचे गोठे साफ केले तेही धरले नाहीत, कारण मजुरी ठरवली होती. दहाची बारा कामे झाली ती अशी. राक्षस मारणाऱ्याचा मेहनताना कापण्यासाठी नियम काढणारा कारकुनी राजा हा त्या सर्पिणीहून चिवट निघाला.

परंतु तात्पर्याने मूळ कथेचा अर्थ पुरता उलटा कसा होतो हे पाहायचे तर सायरनांकडे वळले पाहिजे. ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात त्या कशा दिसतात याविषयी होमर एक अक्षर सांगत नाही. त्या दोघी आहेत, फुलांच्या कुरणात बसल्या आहेत, भोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग आहे. ओडिसिअसने खलाशांच्या कानांत मेण घातले आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले. त्या त्याला जे गाऊन सांगतात त्यात शृंगाराचा लवलेश नाही. ट्रॉयमध्ये काय काय घडले ते आम्ही जाणतो, पृथ्वीवर जे जे घडते ते आम्ही जाणतो, आमचे ऐकून मनुष्य अधिक शहाणा होऊन जातो, हे त्यांचे आमिष. युद्धाची दहा वर्षे पार करून आलेल्या योद्ध्याला त्याचेच युद्ध समजावून सांगण्याचे आश्वासन त्या देतात, आणि तो सोडा मला म्हणून भुवयांनी खुणा करतो. रोममध्ये सिसेरोने हा उतारा लॅटिनमध्ये उतरवताना हे नेमके ओळखले होते. लोक खिळून राहत ते स्वरमाधुर्याने नव्हे, ज्ञानाच्या लालसेने, असे त्याने लिहिले.

ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सला ख्रिस्तपूर्व 480 च्या सुमारास घडवलेले आणि इटलीत व्हल्ची येथे सापडलेले एक मद्यपात्र आहे. काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृती. नौकेच्या नाळेवर एक डोळा रंगवलेला, वल्ही मारणारे खलाशी, डोलकाठीला बांधलेल्या ओडिसिअसची मान मागे टाकलेली. दोन बाजूंच्या खडकांवर दोन सायरन, स्त्रीमुखी पण बाकी सर्वांगाने पक्षी. एकीच्या जवळ तिचे नाव लिहिले आहे, हिमेरोपा. आणि तिसरी, डोळे मिटून, पंख पसरलेले असूनही उडण्याचा यत्किंचितही प्रयत्न न करता, डोके खाली करून नौकेवर सरळ कोसळते आहे. जो ऐकून सुखरूप निघून गेला त्याने आपला पराभव केला असे मानून तिने प्राण टाकला, असा त्याचा अर्थ. होमरात हे नाही. कुंभाराने कोणतेही वचन खाली लिहिलेले नाही, पण गायकाची शोकांतिका श्रोत्याच्या सुटकेत असते ही गोष्ट त्याला कुठल्याही भाष्यकारापेक्षा अधिक कळली होती, असे ते चित्र पाहून म्हणावेसे वाटते.

यानंतर घसरण सुरू झाली. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू क्लेमंट याने डोलकाठीला ख्रिस्ताचा क्रूस केले आणि सायरनांना जुन्या मूर्तिपूजक रूढीचे भोगमय आवाहन केले. पण हाच क्लेमंट अन्यत्र ग्रीक विद्येला भिऊन कानांत मेण भरणाऱ्या आपल्याच भाविकांची कानउघाडणी करतो, म्हणजे सायरन कोण हे त्या त्या दिवशीच्या श्रोतृवर्गावर अवलंबून होते. व्हर्जिलचा टीकाकार सर्व्हिअस याने तर गूढार्थाचाही खटाटोप ठेवला नाही. त्या वेश्या होत्या आणि प्रवाशांना कफल्लक करीत, म्हणून जहाजे बुडवीत असे लोक म्हणाले, इतकेच. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने ते प्रमाण मानून त्यांच्या पंखांचाही हिशेब दिला: प्रेम उडते, म्हणून पंख, जखमा करते, म्हणून नखे. पुढे पंखही गेले आणि मध्ययुगीन ग्रंथांतून त्यांना माशाची शेपटी आली. ज्ञानाचे भय वाटणाऱ्या युगाने ज्ञानाचा मोह सांगणाऱ्या कथेतून ज्ञान काढून घेतले आणि त्या जागी स्त्री ठेवली; नीतीच्या नावाने झालेला हा फेरफार इतका पक्का बसला की आज सायरन म्हटले की होमरचा वाचकही आधी शेपटीच पाहतो.

सगळेच तात्पर्यकार असे होते असे मात्र नाही. सिसिफसची शिळा होमरने नुसती दाखवली. घाम, धूळ, चढ आणि पुन्हा खाली येणारा धोंडा. अपराध कोणता तेही सांगितले नाही. ल्युक्रीशिअसने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात आपल्या तत्त्वकाव्यात लिहिले की पाताळात असले काही नाही, सिसिफस इथेच रोमच्या चौकात आहे: जनतेपाशी अधिकारपद मागत फिरतो, दर वेळी पडतो आणि खिन्न होऊन परततो. निवडणुकांचा अनुभव असलेल्या कोणत्याही देशात हे भाष्य जुने होणार नाही. 1942 मध्ये जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये आल्बेर काम्यूचा निबंध प्रसिद्ध झाला त्यात तो धोंड्यामागून उतरणाऱ्या सिसिफसकडे पाहत राहिला आणि त्याला सुखी मानावे असे म्हणाला. मला ल्युक्रीशिअस अधिक पटतो. काम्यूचे म्हणणे भव्य आहे, परंतु धोंडा त्याच्या खांद्यावर नव्हता असे म्हणण्याची सोय त्या काळाने ठेवलेली नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालणे जड जाते.

या कथांचा आपल्या भूमीशी जो संबंध आला तो तात्पर्यावाचूनच आला. कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940 नंतरच्या दशकात रोमन व्यापारातून आलेल्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे, आणि राक्षसी जलचराला बळी दिलेल्या अँड्रोमेडाला पर्सिअस सोडवतो त्या प्रसंगाची एक गोल ताटलीही आहे. सातवाहनांच्या अमदानीत ज्याने ती विकत घेतली त्याने पैसे मोजले ते धातूचे आणि कारागिरीचे. ग्रीकांकडून बोध आपल्याकडे आला तो फार उशिरा, इंग्रजी अमलात, सदाशिव काशीनाथ छत्र्यांच्या इसापनीतीतून; आणि तेथेही गोष्टीच्या शेपटीला बांधलेले ‘तात्पर्य’ हे मुळात इसापाचे नसून मागाहून संग्रह करणाऱ्यांचे आहे.

एकोणिसाव्या शतकात या पेशाला शास्त्राची वस्त्रे चढली. आपल्याकडे ज्याला मोक्षमुल्लर म्हणत त्या ऑक्सफर्डच्या माक्स म्युलरने 1856 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधापासून पुढे प्रतिपादन केले की, पुराणे हा भाषेचा एक रोग असून त्यांतला जवळपास प्रत्येक नायक हा सूर्य आणि पळून जाणारी प्रत्येक नायिका ही उषा होय. ऋग्वेद हाताशी असल्यामुळे पुराव्याला तोटा नव्हता. अपोलोला टाळून वृक्ष झालेली डॅफ्नी ही पहाट ठरली, पाताळाच्या दारातला कुत्रा सर्बेरस हा यमाच्या शबल श्वानाशी जोडला गेला. त्याच सुमारास अडाल्बर्ट कून याने सेंटॉरांना आपले गंधर्व ठरवले होते. यूरोपातील विद्वत्सभा या प्रकाशाने दिपून गेल्या असता, 1870 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ‘कोट्टाबस’ या नियतकालिकात रेव्हरंड लिटलडेल या गृहस्थाने अतिशय गंभीर भाषेत, म्युलरच्याच पद्धतीने, म्युलरच्याच व्युत्पत्तींच्या धर्तीवर, पूर्वेकडून पश्चिमेला आलेला आणि ऑक्सफर्डवर तळपणारा माक्स म्युलर हा मनुष्य कधी झालाच नाही, तो एक सूर्यकथा आहे, असे सिद्ध करून दिले.